गावाने वाचनालय पोसावे का?

नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत वाचनालयाच्या इमारतीचा विषय सहसा विरोधाशिवाय मंजूर होतो. पाणीपट्टी वाढवायची म्हटली की सभागृह तापते, भाजी मंडई हलवायची म्हटली की मोर्चा निघतो. पण वाचनालयाला 'नाही' म्हणून आपण अडाणी ठरावे असे कुठल्याच नगरसेवकाला वाटत नाही. ठराव होतो, आमदार निधीतून किंवा 'वैशिष्ट्यपूर्ण कामां'च्या अनुदानातून पैसे येतात, भूमिपूजन होते, कोनशिला बसते. विरोध असतो तो बाहेर, पारावर आणि चहाच्या टपरीवर. गटारे तुंबलीत, पाणी एक दिवसाआड येते, आणि यांना वाचनालय सुचतेय! हा विरोध सभागृहात पोचत नाही, म्हणून त्याला कोणी उत्तरही देत नाही. तो अर्धा बरोबर आहे, असे माझे मत आहे. कुठला अर्धा, हे पाहायचे तर वाचनालयाला पैसा कुठून येतो आणि कशावर जातो इथून सुरुवात करावी लागते.

आधी कायदा. महाराष्ट्रातल्या नगरपरिषदा १९६५ च्या अधिनियमाने चालतात. पाणी, दिवाबत्ती, साफसफाई, गटारे ही त्यातली बंधनकारक कर्तव्ये. ग्रंथालये येतात ती बागा, सभागृहे, धर्मशाळा, संग्रहालये यांच्या पंगतीत, ऐच्छिक कर्तव्यांत. केले तर उत्तम, न केले तर कोणी जाब विचारणार नाही. १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी यात आणखी एक गंमत करून ठेवली. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत ग्रंथालये हा विसावा विषय म्हणून नावानिशी आहे. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीतल्या १८ विषयांत ग्रंथालयाचे नावच नाही, सांस्कृतिक व शैक्षणिक बाबींच्या मोघम कलमात ते शोधून काढावे लागते. खेड्याला वाचनालय हे घटनेत नोंदलेले काम, आणि त्याच खेड्याची नगरपंचायत झाली की ती हौस. २०१४ नंतर तालुक्याच्या ठिकाणच्या कितीतरी ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या. लोकवस्ती वाढली, करही वाढले, आणि कागदावर वाचनालयाचे स्थान एक पायरी खाली गेले.

मग महाराष्ट्रात वाचनालये चालवते कोण? मुख्यतः नोंदणीकृत संस्था. रत्नागिरीचे नगर वाचनालय आपली स्थापना १८२८ ची सांगते. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ चे. यांतली सुरुवातीची बरीचशी इंग्रज अधिकारी आणि गावातले शिकलेले प्रतिष्ठित यांनी मिळून, 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' या धर्तीवर काढलेली. पुढे मराठी पुस्तकांच्या प्रेमातून निघालेल्या संस्था आल्या, वि. ल. भावे यांनी १८९३ मध्ये ठाण्याला मराठी ग्रंथसंग्रहालय काढले ते असे. पैसा वर्गणीदारांचा आणि देणगीदारांचा. त्यामुळे नाव सार्वजनिक असले तरी उंबरा सगळ्यांना सारखा नव्हता. वर्गणी आणि अनामत ज्याला परवडते तो आत, बाकीचे फार तर मुक्तद्वार विभागात वर्तमानपत्र चाळणार. ही सवय आजही पूर्ण गेलेली नाही.

मुंबई इलाख्याच्या सरकारने १९३९ मध्ये आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मध्यवर्ती ग्रंथालयापासून प्रादेशिक, जिल्हा, तालुका, पेठा आणि गाव अशी सहा पायऱ्यांची उतरंड समितीने आखली. प्रत्यक्षात झाले ते स्वस्तातले. सरकारने स्वतःची ग्रंथालये फारशी उभी केली नाहीत; होत्या त्या जुन्या संस्थांनाच जिल्हा ग्रंथालय, तालुका ग्रंथालय अशी मान्यता देऊन अनुदान सुरू केले. १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १ मे १९६८ पासून लागू झाला, त्यानेही हीच वाट पक्की केली. अ, ब, क, ड असे वर्ग, वर्गानुसार परिरक्षण अनुदान, आणि खर्चाचा दहावा हिस्सा संस्थेने स्वतः उभा करायचा. आज राज्यात अशी मान्यताप्राप्त ग्रंथालये १२,००० च्या आसपास आहेत. आकडा ऐकून छाती फुगते. त्यातली बहुसंख्य 'क' आणि 'ड' वर्गातली आहेत हे कळले की ती जरा खाली येते.

'ड' वर्गाचे गणित एकदा मांडून पाहावे. २०१२ च्या दरांनुसार या वर्गाचे वार्षिक अनुदान ३०,००० रुपये. त्यातले निम्मे वेतनासाठी, म्हणजे १५,०००; महिन्याला १,२५०. दहा वर्षे हाच दर. २०२२ मध्ये ६० टक्के वाढ मंजूर झाली, तेव्हा अनुदान ४८,००० वर गेले आणि ग्रंथपालाच्या वाट्याला या हिशोबाने महिन्याला २,००० रुपये आले. रोजगार हमीवरच्या मजुराची सात दिवसांची मजुरी याहून जास्त भरते. तालुक्याच्या ठिकाणच्या 'अ' वर्गाला जुन्या दराने ३,८४,०००, वाढीनंतर ६,१४,४००. वेतनाचा निम्मा भाग तीन माणसांत वाटला तर प्रत्येकाला महिन्याला साडेआठ हजार. या पगारावर दाखल नोंदवही ठेवायची, देवघेव सांभाळायची, वर्गीकरण करायचे, मार्चअखेरीस अनुदानाचे हिशोब पुरे करायचे, आणि शिवाय मुलांना वाचनाची गोडी लावायची. ग्रंथालये दुपारी बंद का असतात, असे विचारणाऱ्यांनी ग्रंथपाल त्या वेळेत दुसरीकडे कुठे कामाला जातो तेही विचारावे.

थोडक्यात, इमारतीसाठी निधी आहे, पुस्तकांसाठी थोडा आहे, माणसासाठी जवळजवळ नाही. हा रोग महाराष्ट्राचा खास नाही. वाचनालयावर सार्वजनिक पैसा खर्च करावा का, हा वाद पावणेदोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या पार्लमेंटात रंगला तेव्हाही तो याच आडवळणाने गेला होता. विल्यम एवर्ट यांनी रेटलेला १८५० चा कायदा १०,००० वर वस्तीच्या गावांना वाचनालयासाठी कर बसवू देत होता, पण करदात्यांपैकी दोन तृतीयांशांची संमती हवी आणि कर पौंडामागे अर्ध्या पेनीपेक्षा जास्त नको. या पैशातून इमारत बांधता येई, दिवे लावता येत, नोकर ठेवता येत. पुस्तके मात्र विकत घेता येत नसत. ती भल्या माणसांनी देणगी म्हणून द्यावीत अशी अपेक्षा होती. पाच वर्षांनी, १८५५ मध्ये, कर एका पेनीवर गेला आणि पुस्तकखरेदीला परवानगी मिळाली. देणगीतून आलेल्या पुस्तकांनी कपाटे भरतात, वाचक येत नाहीत, हे आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या वाचनालयाचा माळा पाहिलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

त्याआधीच, १८३३ मध्ये, अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या पीटरबरो नावाच्या छोट्या गिरणगावाने ही गोष्ट करून टाकली होती. राज्याकडून गावांना शिक्षणासाठी एक निधी येई. आजूबाजूच्या गावांनी तो शाळांवर खर्च केला. पीटरबरोच्या गावसभेने, अॅबिएल अॅबट या धर्मोपदेशकाच्या आग्रहावरून, त्यातला एक भाग सगळ्यांना फुकट खुल्या असलेल्या वाचनालयासाठी बाजूला काढला. करदात्यांच्या पैशावर, सुरुवातीपासून सर्वांसाठी मोफत चाललेले जगातले पहिले वाचनालय म्हणून या गावाचे नाव घेतले जाते. मला यातली 'पहिले' ही बाब तितकी महत्त्वाची वाटत नाही. पैसा शाळेला की वाचनालयाला, हा प्रश्न गावाने उघड सभेत घेतला आणि दोन्हींना द्यायचे ठरवले, ते महत्त्वाचे.

पण या सगळ्या प्रकरणातला खरा धडा अँड्र्यू कार्नेगीच्या खात्यात आहे. पोलादाच्या धंद्यात अमाप पैसा केलेल्या या माणसाने १८८३ मध्ये स्कॉटलंडमधल्या डन्फर्मलिन या आपल्या जन्मगावी पहिले वाचनालय दिले, आणि पुढे जगभर अडीच हजारांहून अधिक वाचनालयांच्या इमारतींसाठी देणग्या दिल्या. त्यातल्या सोळाशेहून अधिक अमेरिकेत. त्यांची अट साधी होती. जागा गावाने द्यायची, आणि देणगीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी, स्वतःच्या करातून, वाचनालय चालवायला खर्च करायची हमी द्यायची. इमारतीला १०,००० डॉलर हवेत? मग नगरपालिकेने दरसाल १,००० डॉलरचा ठराव करून पाठवावा. ठराव नाही तर पैसे नाहीत. पत्रव्यवहार सांभाळणारे सचिव जेम्स बर्ट्रम इतके काटेकोर होते की गावांनी घुमट, खांब, भव्य जिने यांवर जागा उधळू नये म्हणून १९११ मध्ये त्यांनी बांधकामाविषयी सूचनांची पुस्तिकाच काढली.

ही फुकटची इमारत सगळ्यांनी आनंदाने घेतली असेल असे वाटते. तसे झाले नाही. चौकशी करून किंवा मंजुरी मिळवूनही सव्वादोनशेच्या आसपास अमेरिकन गावांनी शेवटी ती घेतली नाही. वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंगमध्ये १९०४ साली कामगार संघटनांनी कार्नेगीविरुद्ध मोहीम उघडली. १८९२ च्या होमस्टेड संपात त्यांच्या कंपनीने कामगारांशी काय केले ते कोणी विसरले नव्हते, आणि मतदानात प्रस्ताव पडला. बाकी बऱ्याच ठिकाणी कारण इतके तात्त्विक नव्हते. दहा टक्के दरवर्षी, कायमचे, हे ऐकून गावे मागे सरली. मला ही नकार देणारी गावे मूर्ख वाटत नाहीत. आपल्याला काय झेपेल याचा हिशोब त्यांनी आधी केला. आपल्याकडे तो हिशोब उद्घाटनानंतर सुरू होतो.

पुढचा भाग आणखी बोलका आहे. १९१६ च्या सुमारास कार्नेगी कॉर्पोरेशनने अल्विन जॉन्सन या अर्थतज्ज्ञाला ही वाचनालये पाहून यायला पाठवले. त्यांचा निष्कर्ष असा की इमारती आहेत, पण वाचनालये चालवायला शिकलेली माणसे नाहीत. विश्वस्त मंडळाला हे फारसे रुचले नाही म्हणतात, पण १९१७ पासून नव्या इमारतींची देणगी थांबली आणि पैसा हळूहळू ग्रंथपालांच्या शिक्षणाकडे वळला. दोन हजारांवर इमारती उभारल्यावर देणगीदाराला जे कळले, ते आपल्या नगरपरिषदांना फुकट कळण्यासारखे आहे.

याच काळात बडोद्यात सयाजीराव महाराज नेमके उलट क्रमाने निघाले होते. १९०६ मध्ये त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. लगेच पुढचा प्रश्न उभा राहिला: चार इयत्ता शिकून शेतावर गेलेला मुलगा वाचायला काही नसेल तर अक्षर विसरणार, म्हणजे शाळेवर केलेला खर्च पाण्यात. अमेरिकेच्या दौऱ्यांत त्यांनी तिथली वाचनालये पाहिली होती. १९१० मध्ये विल्यम अॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला त्यांनी बडोद्याला बोलावून घेतले. बॉर्डन तीनच वर्षे राहिले, पण एवढ्यात मध्यवर्ती ग्रंथालय आकाराला आले, महाराजांचा राजवाड्यातला संग्रह त्यात आला, १९११ मध्ये ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग निघाला, आणि १९१२ पासून 'लायब्ररी मिसलेनी' हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघू लागले. भारतातला ग्रंथपालनाचा हा पहिला वर्ग. इमारतीच्या आधी माणूस, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

खेड्यांसाठी बडोद्याने जी पद्धत बसवली ती आजही उचलावी अशी आहे. गावकऱ्यांनी वर्षाला ठरावीक रक्कम जमवली तर तेवढीच प्रांत पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. तिघांचा सारखा वाटा. गावाने हात आखडला तर बाकीचे दोघेही थांबणार; त्यामुळे वाचनालय हवे की नको हे दरसाल गावच ठरवी, बडोद्याचा अधिकारी नव्हे. ज्यांना एवढेही जमत नसे त्यांच्याकडे फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्या जात, आणि त्यांचे भाडे संस्थान भरत असे. मध्यवर्ती ग्रंथालयात बायकांसाठी आणि मुलांसाठी वेगळे विभाग होते. हे सगळे एका संस्थानाच्या खजिन्यातून झाले, लोकांच्या मतदानातून नव्हे, हे खरे. राजाला जे जमते ते नगराध्यक्षाला जमत नाही असे कोणी म्हणेल. पण तिघांच्या वाट्याचे सूत्र लोकशाहीला राजेशाहीपेक्षा जास्त शोभते.

भारतातला पहिला ग्रंथालय कायदाही मराठी मुलखातलाच, कोल्हापूर संस्थानाचा, १९४५ चा. १९४८ मध्ये मद्रासने केलेल्या कायद्यामागे ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन होते, आणि त्यात एक गोष्ट आली जी महाराष्ट्राने १९६७ मध्ये टाळली: उपकर. आज तमिळनाडूत मालमत्ता कराच्या रुपयामागे १० पैसे ग्रंथालयासाठी घेतले जातात. कर्नाटकात सहा टक्के, केरळात पाच टक्के. गोव्याने १९९३ च्या कायद्यात विदेशी मद्यावर उपकर बसवला. वाचणाऱ्यांची सोय पिणाऱ्यांनी करावी, ही कल्पना मला अतिशय आवडते. आपल्या घरपट्टीच्या बिलावर शिक्षण कर असतो, वृक्ष कर असतो, रोजगार हमी कर असतो. ग्रंथालयाचा रकाना नाही. उपकर म्हणजे सगळे आलबेल असेही नाही. कर्नाटकात गोळा झालेला उपकर नगरपालिका आणि महापालिका ग्रंथालय खात्याकडे वेळेवर भरत नाहीत अशा बातम्या नेहमीच्याच. पण निदान तिथे पैसा कोणाचा, किती आणि कोणी अडवला हे सांगता येते. आपल्याकडे अनुदान किती, हे दरवर्षी मुंबईत ठरते, आणि गावाला फक्त वाट पाहायची असते.

आता टपरीवरच्या आक्षेपाकडे. समजा, ३०,००० वस्तीचे गाव आहे, म्हणजे 'क' वर्गाची नगरपरिषद. एक प्रशिक्षित ग्रंथपाल २५,००० वर, एक सहायक १५,००० वर, एक शिपाई १०,००० वर ठेवला तर वर्षाचे वेतन सहा लाख. अडीच लाखांची पुस्तके. साठ हजारांची वर्तमानपत्रे आणि मासिके. वीज, दुरुस्ती, इंटरनेट, झाडलोट मिळून नव्वद हजार. एकूण दहा लाख. माणशी ३३ रुपये, वर्षाला. पगाराचे आकडे मी मुद्दाम काटकसरीचे धरले आहेत, तरी आजच्या अनुदानापेक्षा ते कितीतरी वर आहेत. घरपट्टीची मागणी दोन कोटींची असेल तर केरळच्या पाच टक्क्यांच्या दराने नेमके हेच दहा लाख उभे राहतात. आणि कार्नेगीचा दहा टक्क्यांचा नियम उलटा लावला तर या गावाला एक कोटीपेक्षा महाग इमारत परवडत नाही, हेही कळते. त्याच गावात दीड-दोन कोटींचे वाचनालय भवन उभे राहत असेल, आणि पुस्तकांसाठी अंदाजपत्रकात पंचवीस हजार असतील, तर टपरीवरचा माणूस बरोबर आहे. त्याच्या पैशाची उधळण झालीच आहे, फक्त ती वाचनालयावर झालेली नाही, बांधकामावर झाली आहे.

पाणी आधी, हा आक्षेपाचा दुसरा अर्धा. नळपाणी योजना 'अमृत'सारख्या केंद्र-राज्याच्या योजनांतून, कित्येक कोटींच्या घरात होतात. वर्षाला दहा लाख वाचवून कोणत्याही गावाची टाकी भरत नाही. फार तर एका प्रभागातला रस्ता डांबरी होतो आणि दोन पावसाळ्यांत उखडतो. तरीही एक मर्यादा मी मान्य करतो. जी नगरपरिषद सफाई कामगारांचे पगार तीन-तीन महिने थकवते, तिने वाचनालय काढू नये. ती ग्रंथपालाचाही पगार थकवील.

'मोबाइलवर सगळे मिळते' हा तिसरा आक्षेप तयार असतो. सगळे मिळत नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो, त्यामुळे जुने साहित्य सुटले तरी आपल्या हयातीतले मराठी लेखन बहुतांशी विकतच घ्यावे लागते, आणि चांगल्या कादंबरीला चार-पाचशे रुपये पडतात. महिन्याला चार पुस्तके वाचणाऱ्या मुलीच्या बापाने हा खर्च करावा अशी अपेक्षा कुठल्या गावात धरणार? हा दिवाळी अंक हातात घेतलेल्यांपैकी कित्येकांच्या अंकावर कुठल्यातरी वाचनालयाचा शिक्का असेल. ठरावीक रक्कम भरा आणि सगळे दिवाळी अंक आळीपाळीने वाचा, ही योजना गावोगावची वाचनालये चालवतात म्हणून मराठी दिवाळी अंक त्याच्या खपाच्या कितीतरी पट लोकांपर्यंत जातो. मोबाइलने अजून हे काम केलेले नाही.

बदल झाला आहे तो दुसऱ्या बाजूने, आणि त्याबद्दल वाचनप्रेमी मंडळी फार स्पष्ट बोलत नाहीत. आज छोट्या गावातल्या नव्या वाचनालयात सर्वांत गजबजलेली खोली अभ्यासिकेची असते. तिथे बसणारी मुले-मुली स्पर्धा परीक्षेची तयारी करतात. पुस्तके स्वतःची आणतात. त्यांना हवी असते खुर्ची, दिवा, पंखा, स्वच्छतागृह, वाय-फाय आणि शांतता. काहींना हा ग्रंथालयाचा अपमान वाटतो. मला तसे वाटत नाही. सहा जणांच्या दोन खोल्यांच्या घरात अभ्यास होत नाही; पुण्याच्या पेठांत कॉट बेसिसवर राहायला प्रत्येकाच्या घरी पैसे नाहीत; आणि मुलीला पुण्याला न पाठवणारे पण गावातल्या अभ्यासिकेत संध्याकाळी सातपर्यंत बसू देणारे पालक पुष्कळ आहेत. नगरपरिषदेने ही सोय जरूर करावी, वाटल्यास महिन्याला माफक शुल्क घ्यावे. फक्त अभ्यासिकेची हजेरी दाखवून 'आमचे वाचनालय तुडुंब भरते' असा अहवाल देऊ नये. जागा एकाच छपराखाली असली तरी कामे दोन आहेत, आणि हजेरी अभ्यासिकेची वाढली म्हणून बालविभागाची पुस्तके कापली जाणे हे सध्या सर्रास चालले आहे. कुठे पैसा आधी घालावा असे मला विचाराल तर बालविभागात. सात-आठ वर्षांच्या मुलाला आपणहून पुस्तक निवडून घरी नेता आले पाहिजे, कपाटाला कुलूप नसले पाहिजे, आणि फाटलेल्या पानाचा दंड नसला पाहिजे. पुस्तके फाटतील. अडीच लाखांच्या खरेदीत ती फाटणे धरलेले आहे.

खरेदीवरून एक आठवण करून देतो. अनुदानाचा हप्ता उशिरा आला की ती मार्चअखेर घाईघाईने होते, आणि भरघोस सूट देणाऱ्या विक्रेत्याकडून कुणी न वाचणारी पुस्तके गठ्ठ्याने येतात. आकडा भरतो, कपाट भरते. वाचकांची मागणी नोंदवही ठेवून दर महिन्याला थोडी थोडी खरेदी करणारा ग्रंथपाल हवा असेल तर त्याला पैसा एप्रिलपासून हातात लागतो. गावाचा स्वतःचा पैसा असण्याचा फायदा इथे दिसतो.

आणि नवे वाचनालय मुळात नवे असायलाच हवे का? भिलारला ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचे गाव सुरू झाले तेव्हा त्यासाठी भवन बांधले नव्हते. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या पुस्तकांच्या गावावरून कल्पना घेतली, आणि महाबळेश्वर तालुक्यातल्या या स्ट्रॉबेरीच्या गावात लोकांच्या घरांत, शाळेत, देवळात मिळून पंचवीस ठिकाणी सुमारे १५,००० पुस्तके ठेवली. तिथे येणारे बहुतेक पर्यटक असतात, तेव्हा गावच्या रोजच्या वाचनालयाचा तो नमुना नव्हे. पण भिंतींशिवाय सुरुवात होऊ शकते एवढे त्याने दाखवले. ज्या गावात दीडशे वर्षांची संस्था आहे, तिथे शेजारी नगरपरिषदेचे दुसरे भवन उठवण्यापेक्षा तिलाच दरसाल पैसे द्यावेत. मात्र अटी घालून. जुन्या संस्थांचे दोष लपलेले नाहीत: कार्यकारी मंडळात वर्षानुवर्षे तीच आडनावे, वार्षिक सभेला कोरम नाही, सभासद व्हायचे तर ओळखीच्या दोघांची सही. तेव्हा चौदा वर्षांखालच्या मुलांना अनामत-वर्गणी माफ, संध्याकाळी आठपर्यंत दार उघडे, ग्रंथपालाचा पगार थेट बँकेत, आणि हिशोब नगरपरिषदेच्या फलकावर, असा करार करावा. संस्था नाही म्हणाली तर मग आपले काढावे.

दिवाळी झाली की नगरपरिषदेत पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाची तयारी सुरू होते. फेब्रुवारीत ते सभेपुढे येते. ज्यांना या विषयात रस आहे त्यांनी त्याआधी दहा रुपयांचे शुल्क भरून माहितीच्या अधिकारात एक अर्ज करावा. वाचनालय या शीर्षाखाली गेल्या तीन वर्षांत तरतूद किती होती, प्रत्यक्ष खर्च किती झाला, आणि त्यातला बांधकाम व रंगरंगोटीचा, पुस्तकांचा आणि पगाराचा वाटा वेगवेगळा किती, एवढेच विचारावे. उत्तर हातात आल्यावर आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाशी काय बोलायचे ते कोणी शिकवावे लागत नाही.